अणू पकडले, पण थंड होईनात: मोलॅसिसचं तापमान १९० मायक्रोकेल्विनवर का अडतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. रुबिडिअम-८७ चा मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप, म्हणजे लेझर आणि चुंबकीय क्षेत्रानं अणू पकडणारा सापळा, प्रयोगशाळेच्या बोलीतला 'मॉट', तुमच्याकडे दोन महिन्यांपासून चालतोय. अणूंचा ढग मोठा आहे, तेजस्वी आहे, जागचा हलत नाही. मग चुंबकीय क्षेत्राची कॉइल बंद करून तुम्ही ६ मिलिसेकंद मोलॅसिस (फक्त लेझरनं अणू थंड करण्याचा टप्पा) देता आणि तापमान मोजता, तर ते १९० मायक्रोकेल्विन येतं. त्यानंतर १०६४ नॅनोमीटरच्या, १० वॉटच्या डायपोल ट्रॅपमध्ये (एका केंद्रित लेझर किरणाच्या सापळ्यात) अणू भरायला जावं तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. कूलिंग लेझरची शक्ती दुप्पट करणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, यावर तुमच्या गटात चर्चा चालू आहे.

या कारणासाठी तरी घेऊ नका. मोलॅसिसच्या टप्प्यात शक्ती वाढवलीत तर अणू आणखी तापतील. आणि बिघाड कुठे आहे हे शोधायला फार लांब जायची गरज नाही, कारण १९० हा आकडाच बरंच काही सांगतोय.

रुबिडिअमची ७८० नॅनोमीटरची जी रेषा (अणू ज्या ठरावीक वारंवारतेचा प्रकाश शोषतो ती) आपण वापरतो तिची नैसर्गिक रुंदी सुमारे ६ मेगाहर्ट्‌झ आहे. या रुंदीवरून डॉप्लर कूलिंगची सैद्धांतिक मर्यादा निघते ती १४६ मायक्रोकेल्विन. तुमचं मोजमाप या मर्यादेच्या शेजारी, थोडं वर येऊन थांबलंय. नीट चाललेल्या मोलॅसिसमधून रुबिडिअम २० ते ४० मायक्रोकेल्विनपर्यंत सहज येतं. म्हणजे तुमचं मोलॅसिस कमी पडतंय असं नाही, त्यातला जो खरा भाग आहे, डॉप्लर मर्यादेच्या खाली नेणारा, तो सुरूच झालेला नाही. फक्त डॉप्लर कूलिंग चाललंय. तुमचा प्रश्न 'अजून थंड कसं करू' हा नाही. 'दुसरी यंत्रणा कशामुळे बंद पडली आहे' हा आहे.

इथे थोडं मागे जाऊन दोन्ही यंत्रणा समोरासमोर ठेवते, कारण मॉट चालतो म्हणजे मोलॅसिसही चालायला हवं हा समज पुष्कळ जणांचा असतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

डॉप्लर कूलिंगमध्ये लेझरची वारंवारता अणूच्या वारंवारतेपेक्षा किंचित कमी ठेवतात. अणू ज्या किरणाकडे धावतो तो किरण त्याला चढ्या वारंवारतेचा, म्हणजे जुळता वाटतो, म्हणून तो समोरून येणारे फोटॉन जास्त शोषतो आणि मंदावतो. एका फोटॉनचा धक्का सेकंदाला ५.९ मिलिमीटर एवढाच असतो. खोलीच्या तापमानाला रुबिडिअमचा अणू सेकंदाला जवळपास ३०० मीटर वेगानं जात असतो. पण अणू शोषण आणि उत्सर्जन इतक्या झपाट्यानं करतो की एकूण मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ११ हजार पटीपर्यंत जातं. तरी बाष्पातले सगळेच अणू सापडत नाहीत, सेकंदाला साधारण २०-३० मीटरपेक्षा हळू चालणारे तेवढेच अडकतात. शोषणाचा धक्का एकाच दिशेचा असतो, उत्सर्जनाचा मात्र कुठल्याही दिशेचा. या दिशाहीन धक्क्यांनी अणू हेलकावत राहतो. मंदावणं आणि हेलकावणं जिथे एकमेकांना तोलतात ते १४६ मायक्रोकेल्विन.

१९८५ मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटानं न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या बेल लॅब्जमध्ये सोडिअमचं मोलॅसिस केलं तेव्हा तापमान सुमारे २४० मायक्रोकेल्विन आलं. सोडिअमची डॉप्लर मर्यादाही तीच, त्यामुळे सिद्धांत आणि प्रयोग जुळले असं सगळ्यांना वाटलं. १९८८ मध्ये मेरिलँडमधल्या गेथर्सबर्गला विल्यम फिलिप्स यांच्या गटाला त्याच सोडिअमसाठी ४३ मायक्रोकेल्विन मिळालं. हा आकडा तेव्हा अशक्य मानला जात होता, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तो पुन्हा पुन्हा तपासला. तुमच्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: किरणांचं ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) बदललं की तापमान बदलत होतं, आणि अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानंही ते वाढत होतं. डॉप्लरच्या सिद्धांतात एवढ्याशा क्षेत्राला काही स्थानच नव्हतं. रेषेची रुंदी मेगाहर्ट्‌झमध्ये, आणि हे क्षेत्र तिला त्याहून कितीतरी कमी हलवणार. तरी फरक पडत होता. म्हणजे काहीतरी दुसरं घडत होतं. ते काय हे पॅरिसमध्ये ज्याँ दालिबार आणि क्लोद कोहेन-तानूजी यांनी आणि अमेरिकेत चू यांच्या गटानं उलगडलं. चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

ही दुसरी यंत्रणा अशी. समोरासमोरच्या किरणांची ध्रुवीकरणं वेगळी असली की एकूण प्रकाशाचं ध्रुवीकरण तरंगलांबीच्या अंशाअंशावर बदलत जातं. रुबिडिअमच्या मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेला अनेक चुंबकीय उपपातळ्या (चुंबकीय क्षेत्रात एकमेकींपासून वेगळ्या होणाऱ्या पातळ्या) असतात, आणि प्रकाश त्यांना कमीजास्त ढकलतो. त्यामुळे प्रत्येक उपपातळीला ऊर्जेचे चढउतार मिळतात. अणू एक चढ चढतो, त्यात त्याची गती खर्च होते, आणि माथ्यावर पोचला की प्रकाशच त्याला दुसऱ्या उपपातळीत टाकतो, जिचा तिथे तळ असतो. खोपोलीहून बोरघाट दमछाक करत चढावा आणि खंडाळ्याला पोचताच कुणीतरी उचलून पुन्हा खोपोलीत ठेवावं, तसं. दर खेपेला थोडी गती कमी होते आणि तो फरक बाहेर पडणारा फोटॉन घेऊन जातो. याला सिसिफस कूलिंग म्हणतात. मॉटच्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या किरणांत तपशील थोडा वेगळा असतो, पण मर्म हेच: अणूच्या उपपातळ्यांवर सत्ता प्रकाशाची हवी.

आता चुंबकीय क्षेत्र मध्ये आणा. रुबिडिअम-८७ च्या मूळ अवस्थेत दर गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) उपपातळ्या ०.७ मेगाहर्ट्‌झनं विभागतात. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे, म्हणजे २८० किलोहर्ट्‌झ. मोलॅसिसमध्ये प्रकाश उपपातळ्यांना जितकं ढकलतो तेही साधारण याच घरातलं असतं, आणि तीव्रता कमी केली की त्याहून कमी. प्रकाशानं उपपातळ्यांची एक घडी बसवावी आणि तेवढ्यात क्षेत्रानं अणूला फिरवून ती मोडावी, असं दर वेळी होतं. चढ आहे, पण माथ्यावरून उचलणारा योग्य वेळी तिथे नाही. त्यामुळे अणू डॉप्लर मर्यादेपाशी अडकून पडतात, नेमके तुमच्यासारखे.

मग मॉटला हे का जाणवत नाही? मॉटमध्ये आपण स्वतःच सेंटिमीटरला १० गॉसचा ग्रेडिअंट, म्हणजे जागेनुसार बदलत जाणारं क्षेत्र, लावलेला असतो आणि अणू क्षेत्राच्या शून्याकडे ढकलले जातात. बाहेरून ०.४ गॉस आलं तर ते शून्य अर्धा-एक मिलिमीटर सरकतं. ढग नव्या जागी जाऊन बसतो आणि तक्रार करत नाही. कॉइल बंद केली की ते शून्यच नाहीसं होतं आणि सगळ्या ढगाला ०.४ गॉस सरसकट मिळतं. मॉट चुका पोटात घालतो, मोलॅसिस घालत नाही. म्हणून सुंदर मॉट ही मोलॅसिस नीट असल्याची खूण कधीच मानू नका.

नावातही हे सांगितलेलं आहे. मोलॅसिस म्हणजे साखर कारखान्यातली मळी. गुऱ्हाळावरची काकवी म्हटलं तरी चालेल. काकवीत पडलेली मुंगी हळू होते, पण कुठल्या एका जागी ओढली जात नाही. मोलॅसिसमध्ये फक्त घट्टपणा आहे, पकड नाही. पकड मॉटच्या ग्रेडिअंटमधून येते. पकडणं आणि थंड करणं ही दोन कामं आहेत, आणि दोन्हींना लागणारी परिस्थिती एकमेकींच्या विरुद्ध आहे.

शक्तीबद्दल. डॉप्लर मर्यादेच्या खाली तापमान प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतं आणि डिट्यूनिंग, म्हणजे लेझरचं रेषेपासूनचं अंतर, वाढवलं की त्याच प्रमाणात घटतं. म्हणजे शेवटी थंडी हवी असेल तर तीव्रता उतरवायची आणि लेझर रेषेपासून लांब न्यायचा. अ‍ॅम्प्लिफायरमुळे मॉटमध्ये जास्त अणू मिळतील, तो फायदा खरा आहे आणि पुढे कधी तुम्हाला तो हवाही असेल. पण तुमची अडचण अणूंच्या संख्येची नाही. आणि ढगाची चमक ही थंडपणाची खूण नव्हेच. चमक प्रकाश किती शोषला जातो यावर असते. चांगलं मोलॅसिस कॅमेऱ्यावर फिकट, काहीसं निराशाजनक दिसतं.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे ते सांगायला हवं. मी जे लिहितेय ते रुबिडिअम-८७ साठी. रुबिडिअम-८५ मध्ये उत्तेजित अवस्थेतल्या वरच्या दोन हायपरफाइन पातळ्यांत (अणुकेंद्राच्या चुंबकत्वामुळे वेगळ्या झालेल्या पातळ्यांत) १२१ मेगाहर्ट्‌झच अंतर आहे, ८७ मध्ये ते २६७ आहे, म्हणून ८५ मध्ये डिट्यूनिंग फार लांब नेता येत नाही. लिथिअम आणि पोटॅशिअममध्ये तर या पातळ्या इतक्या दाटीनं असतात की ही साधी पद्धत चालत नाही, तिथे दुसऱ्या रेषेवर ग्रे मोलॅसिस, म्हणजे मोलॅसिसचाच एक वेगळा प्रकार, करतात. स्ट्रॉन्शिअमच्या नेहमीच्या समस्थानिकांच्या मूळ अवस्थेला चुंबकीय उपपातळ्याच नाहीत. तिथे ६८९ नॅनोमीटरच्या अतिशय अरुंद रेषेवर दुसरा मॉट लावून काम भागवतात. शिवाय तुमची व्हॅक्यूम चेंबर स्टीलची आहे की काचेची सेल आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यानं पुढच्या गोष्टींत मोठा फरक पडेल.

पण काहीही हलवण्याआधी मोजमाप खरं आहे ना ते पाहा. ढग सोडून द्या, वेगवेगळ्या वेळांनी फोटो घ्या, २ ते २० मिलिसेकंदांत सात-आठ तरी बिंदू घ्या, आणि ढगाच्या रुंदीचा वर्ग विरुद्ध वेळेचा वर्ग असा आलेख काढा. सरळ रेष आली पाहिजे, आणि तिचा चढ तापमान सांगेल. एकाच फोटोवरून तापमान काढलं असेल तर त्यावर विसंबू नका, कारण ढगाची सुरुवातीची रुंदी त्यात मिसळलेली असते. अंदाज हवा असेल तर: १९० मायक्रोकेल्विनला १० मिलिसेकंदांत रुंदी सुमारे १.३ मिलिमीटर वाढते, २० मायक्रोकेल्विनला अर्धा मिलिमीटरही नाही.

कॅमेऱ्याचं वर्धन तपासायला गुरुत्वाकर्षण हे उत्तम माप आहे आणि फुकट आहे. कॅमेरा आडवा बघत असेल तर २० मिलिसेकंदांत ढगाचा मध्य १.९६ मिलिमीटर खाली यायला हवा. तुमच्या मोजणीत तो २.४ आला तर वर्धन चुकलंय, आणि तापमान वर्गानं जातं म्हणून ते दीडपट फुगलंय. तसं असलं तरी खरं तापमान १२५-१३० च्या आसपास निघेल, म्हणजे मूळ अडचण राहीलच. पण पुढची प्रत्येक सुधारणा तुम्ही याच मापानं तोलणार आहात, ते आधी खरं हवं.

माप खरं निघालं की चुंबकीय क्षेत्र. चेंबरभोवती तिन्ही दिशांना शिम कॉइलच्या, म्हणजे बाहेरचं क्षेत्र रद्द करणाऱ्या छोट्या कॉइलच्या, जोड्या आहेत असं धरते. नसतील तर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. १५ सेंटिमीटर त्रिज्येची, दर कॉइलला २० वेढे असलेली हेल्महोल्ट्‌झ जोडी १ अँपिअरमध्ये सुमारे १.२ गॉस देते, पृथ्वीच्या क्षेत्राला हे पुरून उरतं. वाइंडिंगची तार लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळेल. चांगला, स्थिर प्रवाहाचा सप्लाय मात्र हवा.

पहिला अंदाज मॉटवरूनच घ्या. ग्रेडिअंटचा प्रवाह कमी-जास्त करा आणि ढग कुठे सरकतो ते पाहा. बाहेरचं क्षेत्र जितकं मोठं तितका तो जास्त सरकेल. शिमचे प्रवाह असे बदला की ग्रेडिअंट बदलला तरी ढग जागचा हलणार नाही. इथे एक सावधगिरी: किरण असमतोल असले तरीही ढग असाच सरकतो, त्यामुळे ही खूण फसवू शकते. हा अंदाज म्हणून घ्या, निकाल म्हणून नको.

निकाल मोलॅसिसच देतं. मोलॅसिसचा वेळ मुद्दाम लांबवा, ५० किंवा १०० मिलिसेकंद. क्षेत्र शून्याजवळ असेल तर ढग सगळ्या बाजूंनी सारखा, सावकाश पसरतो आणि बराच वेळ टिकतो. क्षेत्र असेल तर तो एका बाजूला वाहत जातो किंवा लांबट होतो. हे डोळ्यांनी जुळवल्यावर एकेका अक्षाचा शिम प्रवाह बदलत तापमान मोजा. पॅराबोला मिळेल, तळाशी थांबा, दुसरा अक्ष, मग तिसरा, मग पुन्हा पहिल्यापासून. दोन फेऱ्या लागतातच, कारण कॉइली एकमेकींना अगदी काटकोनात क्वचितच असतात. माझ्या अनुभवात क्षेत्र ५० मिलिगॉसच्या आत आलं की तापमान धाडकन उतरतं, १० च्या आत गेल्यावर आणखी फायदा फारसा दिसत नाही. तुमच्याकडे ६.८३५ गिगाहर्ट्‌झचा मायक्रोवेव्ह स्रोत असेल तर अणूंवरच नेमकं मोजता येतं: खालच्या हायपरफाइन पातळीतून वरच्या पातळीत जाण्याच्या सात रेषा दिसतील, एकमेकींपासून दर गॉसला ०.७ मेगाहर्ट्‌झ अंतरावर. त्या एकत्र मिटेपर्यंत शिम फिरवायचे. यापेक्षा खात्रीचं मोजमाप मला ठाऊक नाही. चेंबरबाहेर ठेवलेल्या गॉसमीटरवर मी यासाठी विश्वास ठेवत नाही, तो अणूंच्या जागेवरचं सांगतच नाही.

क्षेत्र येतं कुठून? पृथ्वी, आयन पंपाचे चुंबक, ऑप्टिकल आयसोलेटरमधले चुंबक, टेबलाचा लोखंडी पत्रा. आमच्याकडे एकदा सहा आठवडे गेले. सोमवारी ३० मायक्रोकेल्विन, बुधवारी ९०, शुक्रवारी पुन्हा ३५. लेझर तपासले, ध्रुवीकरण तपासलं, विद्यार्थ्यांनी रात्री जागून दर तासाला तापमान नोंदवलं. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं की चेंबरजवळचा कॅमेरा मॅग्नेटिक बेसच्या स्टँडवर आहे, आणि फोकस लावताना दर वेळी तो थोडा इकडेतिकडे होतो. चेंबरपासून वीतभर अंतरावर एक कायमचुंबक फिरत होता, आणि आम्ही शिमचे प्रवाह जुन्याच जागेसाठी जुळवलेले. स्टँड बदलला त्या दिवसापासून आकडे स्थिर झाले. तेव्हापासून आमच्या टेबलावर चेंबरपासून अर्ध्या मीटरच्या आत मॅग्नेटिक बेस ठेवायचा नाही असा नियम आहे, आणि चेंबरजवळ वापरायचे स्क्रू-ड्रायव्हरही आम्ही वेगळे ठेवलेत. तुम्ही आजच टेबलावर एक फेरी मारा. साधं होकायंत्र हातात घेऊन फिरलात तरी बरंच कळेल.

स्थिर क्षेत्र मारलं तरी एक शत्रू उरतो, आणि तुमच्याबाबतीत माझा सर्वांत मोठा संशय त्याच्यावर आहे: कॉइल खरंच बंद होतेय का? तुमचं मोलॅसिस ६ मिलिसेकंदांचं आहे. कॉइलला समांतर नुसता डायोड लावलेला असेल तर स्विच उघडल्यावरही प्रवाह त्या डायोडमधून फिरत राहतो आणि सावकाश ओसरतो, कित्येकदा काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ तुम्ही मोलॅसिस नव्हे, मरत चाललेला मॉट चालवताय. डायोडच्या वाटेत रोधक घाला किंवा व्हॅरिस्टर वापरा, म्हणजे ऊर्जा लवकर जिरेल. प्रवाह शे-दोनशे मायक्रोसेकंदांत शून्यावर यायला हवा. हे ऑसिलोस्कोपवर प्रत्यक्ष पाहा, सप्लायच्या दर्शनी आकड्यावर जाऊ नका.

आणि प्रवाह शून्यावर आला म्हणजे क्षेत्र शून्यावर आलं असंही नाही. स्टीलच्या चेंबरमध्ये, कॉइलच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीत, थंड पाण्याच्या तांब्याच्या प्लेटमध्ये भोवरा-प्रवाह उठतात आणि क्षेत्राला आणखी काही मिलिसेकंद जिवंत ठेवतात. कॉइलची चौकट धातूची आणि बंद वर्तुळाची असेल तर तिला एक चीर पाडा, नाहीतर तीच शॉर्ट केलेली दुसरी कॉइल बनते. चेंबरला चीर पाडता येत नाही, तिथे वेळ द्यावा लागतो. किती, ते असं शोधा: कॉइल बंद झाल्यापासून प्रकाश पूर्वीसारखाच ठेवून मोलॅसिसची खरी पायरी, म्हणजे लांबचं डिट्यूनिंग आणि कमी तीव्रता, १, २, ३, ५ मिलिसेकंद उशिरा सुरू करा आणि तापमान मोजा. ते उतरत जाऊन एका जागी सपाट होईल. काचेच्या सेलमध्ये ही वाट पाहणं बहुधा १ मिलिसेकंदाच्या आत संपतं, स्टीलमध्ये ३-५ लागले तर नवल नाही. या वेळात प्रकाश बंद करू नका, ढग विस्कटेल.

किरणांबद्दल थोडक्यात. तुम्ही सहा स्वतंत्र किरण न वापरता तीन किरण आरशानं परतवत असाल, तर परतीचा किरण नेहमी अशक्त असतो. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर ४ टक्के परावर्तन होतं. किरण खिडकीतून बाहेर जाऊन परत आत आला की सुमारे १५ टक्के एवढ्यातच गेले, शिवाय ढगानं शोषलेले वेगळे. उपाय म्हणून जाता किरण किंचित अभिसारी ठेवतात, म्हणजे परतताना आकार लहान होऊन तीव्रता भरून निघते. मोलॅसिस एका बाजूला वाहतं आणि शिमनं ते पूर्ण थांबत नाही, असं दिसलं तर इकडे या. ध्रुवीकरण वर्तुळाकार करणाऱ्या पाव-तरंग पट्ट्यांचे कोनही एकदा पाहून घ्या, पण मॉट इतका चांगला असताना ते फार चुकलेले नसणार.

आता मी स्वतः कुठून सुरुवात करीन ते. मॉट १५ मेगाहर्ट्‌झ लाल बाजूला, म्हणजे रेषेपेक्षा कमी वारंवारतेला. कॉइल बंद, मग वर सांगितलं तेवढं थांबणं. मग साधारण ५ मिलिसेकंदांत डिट्यूनिंग ५० ते ६० मेगाहर्ट्‌झपर्यंत न्यायचं आणि त्याच वेळात तीव्रता एकपंचमांश किंवा त्याहून खाली आणायची. एकदम उडी मारण्यापेक्षा सावकाश उतार मला नेहमी बरा पडला आहे, कारण अणूंना प्रत्येक पायरीवर जुळवून घ्यायला वेळ मिळतो. रिपंपर, म्हणजे मदतीचा दुसरा लेझर, पूर्ण बंद करू नका. डिट्यूनिंग लांब नेलं की लेझर खालच्या उत्तेजित पातळीच्या जवळ सरकतो आणि अणू दुसऱ्या मूळ अवस्थेत गळायला लागतात, रिपंपर त्यांना परत आणतो. तो थोडा कमी केलेला चालतो. अगदी शेवटी, डायपोल ट्रॅप भरताना, शेवटच्या मिलिसेकंदात रिपंपर आधी बंद करा आणि कूलिंग नंतर, म्हणजे सगळे अणू खालच्या हायपरफाइन पातळीत जमा होतात. तिथे ते एकमेकांवर आपटून हायपरफाइन ऊर्जा सोडत नाहीत आणि ट्रॅपमध्ये जास्त टिकतात.

डायपोल ट्रॅपचा हिशोबही पाहा, म्हणजे इतका आटापिटा कशासाठी ते दिसेल. १० वॉट, ५० मायक्रोमीटरची कंबर (किरणाची सर्वांत अरुंद जागेची त्रिज्या) धरली तर १०६४ नॅनोमीटरला रुबिडिअमसाठी ट्रॅपचा खोलपणा सुमारे ४०० मायक्रोकेल्विन येतो. अशा ट्रॅपमध्ये अणू टिकायचे तर त्यांचं तापमान या खोलपणाच्या दहाव्या भागाच्या आसपास हवं. १९० मायक्रोकेल्विनचे अणू आले तसे काठावरून सांडतात. ३० चे बसतात. तुमची कंबर याहून रुंद असेल तर खोलपणा तिच्या वर्गानं घटतो, तेव्हा तीही मोजा. ट्रॅपचा प्रकाश अणूची रेषाच कित्येक मेगाहर्ट्‌झ सरकवतो, म्हणून भरताना मोलॅसिसचं डिट्यूनिंग ट्रॅप चालू ठेवून नव्यानं शोधावं लागतं. मोकळ्या मोलॅसिसमधला उत्तम आकडा इथे उत्तम नसतो.

पुढे तुम्हाला बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट (अतिथंड अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होतात ती स्थिती) करायचं आहे असं प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय. त्यासाठी महत्त्वाची असते ती फेज-स्पेस घनता, म्हणजे अणूंचे तरंग एकमेकांत किती शिरलेत त्याचं माप. तेवढ्याच घनतेला तापमान १९० वरून १९ वर आलं तर हे माप ३० पटींहून जास्त वाढतं. ढाक्याला असताना सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये जे मांडलं ते कोलोरॅडोतल्या बोल्डरला जून १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या गटानं रुबिडिअम-८७ मध्येच प्रत्यक्षात दाखवलं, सुमारे १७० नॅनोकेल्विनला. त्यांनाही लेझरनं थंड केल्यानंतरचं उरलेलं अंतर बाष्पीभवनानं कापावं लागलं, म्हणजे गरम अणू हळूहळू सोडून देऊन. बाष्पीभवनात दर पायरीला अणू खर्ची पडतात. मोलॅसिसमध्ये ही ३० पट जवळजवळ एकही अणू न गमावता मिळते. अ‍ॅम्प्लिफायरनं संख्या दुप्पट झाली असती. इथला फायदा त्याच्या कितीतरी वरचा आहे, आणि त्याला तार, एक रोधक आणि दोन आठवड्यांची चिकाटी लागते.

तुमच्या जागी मी असते तर सोमवारी वर्धन तपासलं असतं, मंगळवारी ऑसिलोस्कोपवर कॉइलचा प्रवाह पाहिला असता, आणि त्यानंतर शिमला हात घातला असता. कॉइल आधी, शिम नंतर: भोवरा-प्रवाहाचं क्षेत्र जिवंत असताना शिम जुळवलेत तर ते त्या एका क्षणासाठीच जुळतील आणि मोलॅसिसची वेळ बदलली की पुन्हा बिघडतील. हे करूनही तापमान ६० च्या खाली येत नसेल तर मला तीन गोष्टी पाठवा: रुंदीच्या वर्गाचा आलेख, कॉइलचा प्रवाह बंद होतानाचा ऑसिलोस्कोपवरचा फोटो, आणि मोलॅसिस १०० मिलिसेकंद चालू ठेवून दर २० मिलिसेकंदांनी काढलेले ढगाचे पाच फोटो. चेंबर स्टीलची की काचेची तेही लिहा. ढग कुठे वाहतोय हे एकदा दिसलं की बाकीचं बोलायला सोपं जाईल.